सासूबाईंचा बाक

मैत्रिणींनो, आमच्या आळीत सध्या मला थट्टेने ‘मिस्त्रीणबाई’ म्हणतात. सुरुवातीला राग यायचा, आता येत नाही. कारण ज्या कामामुळे हे नाव पडलं, त्या कामाने माझ्या घरातलं एक माणूस पुन्हा स्वयंपाकघरात आलं. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया छान पार पडली, पण डॉक्टरांनी निघताना बजावलं, “आजी, आता मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाट तर विसरूनच जा.” ज्या बाईने पन्नास वर्षं पाटावर बसून विळीवर भाजी चिरली, नारळ खवला, वाल सोलले, तिला पाट विसर म्हणून सांगणं किती सोपं! आईंची (मी त्यांना आईच म्हणते) जागा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झाली. समोर टीव्ही, हाताशी पाण्याचा तांब्या. आम्हाला वाटलं, त्यांना आराम मिळाला. पण त्या दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. “आज भाजी काय करू?” असं विचारलं, तर “करा तुम्हाला हवी ती” एवढंच म्हणायच्या.

मग मी प्लॅस्टिकची खुर्ची ओट्याजवळ आणून ठेवली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी ओल्या लादीवर खुर्चीचा मागचा पाय फाकला आणि आई कलंडल्या. मी ओट्यापाशीच होते म्हणून सावरलं. हाड मोडलं नाही, पण मन मोडलं. त्यानंतर त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येईनात. न्हाणीघरात जातानाही “कोणीतरी धरा गो” म्हणू लागल्या. पडण्याची भीती पडण्यापेक्षा वाईट असते, हे मला तेव्हा कळलं.

म्हटलं, एक भक्कम लाकडी बाक करून घेऊ. न हलणारा, न घसरणारा, त्यांच्या गुडघ्याला साजेशा उंचीचा. तीन सुतारांकडे गेले. सगळे किचन ट्रॉल्या आणि वॉर्डरोबच्या कामात गुंतलेले. एकाने “गणपतीनंतर बघू” म्हटलं, दुसऱ्याने “दिवाळीनंतर.” तिसरा हसून म्हणाला, “वहिनी, एवढ्याशा कामासाठी मशीन घेऊन कोण येणार?” त्यांचंही चूक नव्हतं. दिवसाची मजुरी सुटली पाहिजे ना! पण मी चिडले. घरी आल्यावर आमच्या ह्यांना म्हटलं, “मीच करते.” हे चहा पिता पिता हसले. लेक तर म्हणाली, “आई, तुला खिळा तरी सरळ मारता येतो का?”

खरं तर येत नव्हता. आमच्या शाळेत मुलांना लाकूडकाम आणि मुलींना शिवणकाम असायचं. तुमच्याही असेल. मुलं करवत घेऊन अंगणात, आणि आम्ही वर्गात काज-बटण. हातात करवत घ्यायची नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण घे असंही कुणी म्हटलं नव्हतं. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण, म्हणजे ‘नई तालीम’ मांडली. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुली-मुलं दोघांनीही हाताने काम करून शिकावं हाच विचार होता. बी. ए.ला असताना मी नई तालीमवर दहा मार्कांचा प्रश्न लिहिला होता. पण करवत धरायला मला पंचेचाळिशी उजाडावी लागली!

माळ्यावरचं दार

लाकूड कुठलं घ्यायचं? आम्ही चिपळूणकर. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, ते इथे कोणी विसरणार नाही. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यांवर फर्निचरचे ढीग लागले होते. मी तेव्हा महिला मंडळाबरोबर चिखल काढायला घरोघर जात होते. एक गोष्ट डोळ्यांत भरली. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांची कपाटं पावासारखी फुगून फुटली होती, साध्या प्लायवूडचे थर सुटले होते आणि जुन्या लाकडाचे पाट, पेट्या, चौरंग धुऊन वाळवले की पुन्हा उभे! आमचंही पाण्याखाली गेलेलं सगळं फर्निचर फेकावं लागलं. राहिलं ते फक्त माळ्यावर टाकलेलं जुन्या घराचं फणसाचं दार. घर पाडलं तेव्हा मामंजींनी ते जपून ठेवलं होतं. आता मामंजीही नाहीत.

त्या दाराची एकच फळी धड होती, सहा फूट लांब आणि फूटभर रुंद. तिचंही खालचं टोक चार इंच कुजलेलं. दुसरी फळी मधोमध तडकलेली. दाराला हात लावायच्या आधी आईंना विचारणं भाग होतं. त्याच दारातून त्या नवरी होऊन माप ओलांडून आत आल्या होत्या. कसंबसं विचारलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माळ्यावर ठेवून त्याचं काय लोणचं घालायचंय? पण वाया घालवू नको हां.”

झालं! आता वाया घालवायची सोय राहिली नाही.

आधी खोका, मग दार

आमच्या आळीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्रीकाका राहतात. डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून काम सोडलंय, पण ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खुर्चीचा कुरकुर आवाज ऐकून सांगतील, कुठला सांधा सुटलाय ते. त्यांच्याकडे गेले. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, “वहिनी, दाराला आत्ता हात लावू नका. फळवाल्याकडून खोके आणा. त्याचा एक बाक करा. तो बिघडू दे. मग बघू.”

हत्यारं कुठून आणायची हाही प्रश्नच. करवत, पटाशी, गुण्या आणि मोजायची टेप मी बाजारातून विकत घेतली, सगळं मिळून साधारण बाराशे रुपये गेले. रंधा मात्र मिळाला तो आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीकडून. तिचा नवरा सुतार होता, चार वर्षांपूर्वी गेला. त्याची हत्यारं तिने पोत्यात बांधून ठेवली होती. तो असताना पॉलिश पेपर घासणं, लाख लावणं, खुर्च्यांना वेत विणणं ही सगळी कामं ती करायची. पण रंध्याला कधी हात लावला नव्हता. पोतं सोडताना ती म्हणाली, “ताई, गंज चढलाय. पण पातं चांगलंय. ते म्हणायचे, ह्याच्यावर आपलं घर चाललंय.”

बाकाचा बेत अगदी सोपा होता. एकूण पाच तुकडे. वर बसायची फळी, दोन बाजूंना पायांच्या दोन उभ्या फळ्या आणि त्या दोघींना पुढून-मागून जोडणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या. मला वाटलं होतं, पट्ट्या शोभेच्या असतात. काकांनी दोन पुठ्ठे उभे करून त्यावर वही ठेवली आणि बोटाने ढकलली. वही डावीकडे झोपली. मग पुठ्ठ्यांना पट्टी चिकटवून ढकलली, हलेना. “कळलं? बसणारं माणूस वरून खाली दाबत नाही फक्त, उठताना बाजूला पण ढकलतं.” आई खुर्चीवरून कशा कलंडल्या, ते मला त्या वहीत दिसलं.

शिवणकाम येत असल्याचा फायदा झाला. माप घेणं, बेतणं, कडा जुळवणं हे हाताला ठाऊक होतं. पण एक फरक आहे बायांनो! कापड बेतताना आपण दाबाला अर्धा इंच जास्त सोडतो, चुकलं तर उसवतो. लाकूड उसवता येत नाही. आणि करवतीचं पातं स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खाऊन टाकतं. मी रेघेवरच कापलं, त्यामुळे प्रत्येक तुकडा चिमूटभर कमी भरला. काका म्हणाले, “रेघ ठेवून बाहेरून कापायचं. रेघ आपली, भुसा करवतीचा.”

खिळे मारायला गेले, तर कडेचं लाकूड टर्रकन फाटलं. तेव्हा कळलं, कडेजवळ खिळा मारताना आधी बारीक भोक पाडायचं, आणि खिळ्याचं टोक हातोडीने जरा बोथट करायचं. टोकदार खिळा पाचरीसारखा रेषे फाकवतो, बोथट खिळा ते दाबत, तोडत आत जातो. रंधा मारताना तर आणखी गंमत. एका बाजूने मारला की कागदासारखी सुरळी निघते, दुसऱ्या बाजूने मारला की लाकूड उचकटतं. केसांत खालून वर कंगवा फिरवल्यासारखं! रेषे कुठल्या दिशेने झोपलेत ते आधी बघायचं.

पटाशीने मात्र धडा शिकवला. डाव्या हाताने लाकूड धरलं आणि उजव्या हाताने पटाशी त्याच हाताच्या दिशेने ढकलली. सटकली. अंगठ्याला दोन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. घरी आल्यावर हे गंभीरपणे म्हणाले, “पुरे आता. मी तयार बाक आणतो.” मी म्हटलं, “पोळी भाजताना हात भाजला तेव्हा कधी पोळ्या विकत आणूया म्हणाला होतात का?” ते गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या मित्राकडून लाकूड पकडायचे दोन क्लॅम्प घेऊन आले.

डुगडुगणारा बाक

खोक्याचा बाक अठरा इंच उंचीचा करायचा होता. तयार झाला, स्वयंपाकघरात ठेवला आणि डुगडुगला. मी तो पाय घासला. मग दुसरा डुगडुगला. तो कापला. मग पुन्हा पहिला. करता करता अडीच इंच गेले, बाक राहिला साडेपंधरा इंचांचा. तेवढ्या खालून उठायचं म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला शिक्षाच. मी तो पोरांच्या खेळात टाकला आणि रडवेली होऊन काकांना बोलावलं.

काका काठी टेकत आले. बाक दोन्ही हातांनी उचलून त्यांनी बाहेरच्या खोलीत ठेवला. तिथे हलेना. पुन्हा स्वयंपाकघरात आणला, हलला. तिथेच चतकोर फिरवून ठेवला, हलायचा थांबला. काका म्हणाले, “वहिनी, बाक बरोबर आहे. तुमची लादी वाकडी आहे.” मोरीकडे पाणी जावं म्हणून लादीला उतार दिलेला. पंधरा वर्षं ती लादी पुसतेय, पण ते कधी लक्षातच आलं नव्हतं. मी अडीच इंच लाकूड कापलं ते लादीच्या चुकीसाठी!

त्यांनी सांगितलेली युक्ती लक्षात ठेवा. काहीही डुगडुगलं की आधी ते फिरवून बघायचं. फिरवल्यावर डुगडुग थांबली, तर दोष जमिनीचा. कुठेही ठेवलं तरी हलत असेल, तर दोष पायाचा. मग सपाट जागी ठेवून आखूड पायाखाली कार्ड सरकवायची, डुगडुग थांबली की तेवढ्याच जाडीची खूण बाकीच्या पायांवर करायची आणि खुणेपर्यंतच घासायचं. अंदाजाने कापत सुटायचं नाही.

सतरा इंच तीन सूत

मग आली दाराची पाळी. आईंना खुर्चीत बसवून गुडघ्यामागून जमिनीपर्यंत माप घेतलं, साडेसोळा इंच. उठायला सोपं जावं म्हणून त्यात दोन इंच मिळवले, साडेअठरा झाले. रंधा मारून वरची फळी एक इंच एक सूत जाडीची राहणार होती. (सुतारांच्या भाषेत इंचाचे आठ भाग म्हणजे आठ सूत.) ती वजा करून पाय सतरा इंच तीन सूत. दोन पाय आणि वीस इंचांची बैठक मिळून पावणेपंचावन्न इंच. धड फळी होती अडुसष्ट इंच. म्हणजे शिल्लक जेमतेम तेरा इंच, आणि एक पाय सतरा इंचांचा. चुकले तर दुसरा पाय नाही! पट्ट्या तडकलेल्या फळीतून निघणार होत्या.

त्या आधीच्या रात्री मी कागदावर ही बेरीज किती वेळा केली, विचारू नका.

सकाळी काकांनी फळीवरून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं. आत मोडलेले दोन खिळे सापडले. ते काढले नसते, तर करवतीचे दात गेले असते. मग मी क्लॅम्प लावले, गुण्याने रेघ मारली, रेघ ठेवून करवत लावली. बाहेरून काळंठिक्कर दिसणारं ते लाकूड आतून हळदीसारखं पिवळंधमक निघालं! आई सोफ्यावरून उठून दारापर्यंत आल्या होत्या. म्हणाल्या, “फणसच तो. नवीन घर बांधलं तेव्हा असंच दिसायचं हे.” कितीतरी दिवसांनी त्या आपणहून बोलल्या.

पायांना पट्ट्यांसाठी खाचा पाडल्या, या वेळी दोन्ही हात पटाशीच्या मागे ठेवून. स्क्रूंना आधी भोकं पाडली आणि ते अंगाच्या साबणावर घासून फिरवले, त्यामुळे सहज आत गेले. खाचांना फेविकॉल लावला. वरची फळी मात्र नुसत्या स्क्रूंवर धरली. काका म्हणाले, “पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, उभं नाही. त्याला श्वास घ्यायला जागा ठेवा.” पायांच्या खालच्या कडेला मधोमध खाच घेतली, म्हणजे बाक चारच ठिकाणी टेकतो. तळाला रबराचे तुकडे लावले. कडा गोल केल्या, पॉलिश पेपरने घासून जवसाचं तेल चोळलं. तेलाचं फडकं बोळा करून टाकायचं नाही, उघडं वाळत घालायचं, नाहीतर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, हेही काकांनीच सांगितलं.

पण बाक आईंसाठी लगेच वापरला नाही. आधी हे बसले, मग मी आणि लेक दोघी एकदम. उठताना मुद्दाम बाजूला ढकलून बघितलं. आठवडाभर तो असा वापरून मग भिंतीला टेकवून ठेवला, लादीचा उतार बघून दोन पायांखालचं रबर जाड केलं आणि शेजारी भिंतीत धरून उठायला स्टीलचा दांडा ठोकून घेतला.

त्या दिवशी सकाळी मी मोड आलेले वाल ताटात काढून बाकाशेजारी ठेवले आणि काही न बोलता कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर आई बाकावर बसल्या होत्या, मांडीवर सूप घेऊन बिरडं सोलत. एक हात अधूनमधून दांड्याला लागत होता. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “डाव्या बाजूची कड जरा आणखी घास गो. लुगडं अडकतंय.” आणि मग, “कांदा बारीक चिर. आणि नारळ कमी घालू नको, तू नेहमी कमी घालतेस.”

कौतुकाचा एक शब्द नाही! पण घरातला कारभार परत आला होता.

आता त्या बचत गटातल्या मैत्रिणीचं सांगते. रंधा परत द्यायला गेले, तेव्हा तिने विचारलं, “मला शिकवाल?” मी म्हटलं, “मी कसली शिकवते, काकांकडे चल.” गेल्या महिन्यात तिने पहिला पाट केला. खाली दोन पट्ट्या, वर गुळगुळीत फळी. माझ्यापेक्षा सुबक झालाय, कारण तिने आयुष्यभर जवळून हे काम बघितलंय. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा कामांमध्ये सुतारकामही आहे. तिच्यासाठी चौकशी करतोय. मिळेल तेव्हा मिळेल. पोत्यातली हत्यारं आता खुंटीला टांगली आहेत, हे काय कमी आहे?

तेव्हा मैत्रिणींनो, घरात एखादं काम “एवढ्याशासाठी कोण येणार” म्हणून अडून राहिलं असेल, तर एक खोका आणा आणि आधी तो बिघडवा. आणि हो, आधी लादी सरळ आहे ना ते बघा!

पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

* सुरुवातीला एवढंच पुरे : करवत, हातोडी, अर्ध्या इंचाची पटाशी, गुण्या, टेप, दोन क्लॅम्प, पॉलिश पेपर. रंधा मागून आणा.
* लाकूड हाताने धरून कापू नका, क्लॅम्पने धरा. पटाशीच्या पुढे बोट नको.
* जुनं लाकूड घेतलं तर लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा.
* घासताना नाकातोंडाला फडकं बांधा, पदर आणि केस नीट खोचा.
* प्लायवूड पाण्याजवळ वापरायचं असेल तर त्यावर ‘आयएस ७१०’ शिक्का बघून घ्या.
* गुडघेदुखीच्या माणसासाठी बाक करताना माप त्याच माणसाचं घ्या, आणि किती उंची सोसेल हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.
* ज्याच्यासाठी केलं त्याला बसवण्याआधी स्वतः बसून, ढकलून, हलवून बघा.